त्सुनामी ते दरड : रायगड जिल्ह्यातील आपत्ती-सज्जतेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्याला समुद्र आणि सह्याद्री असा दुहेरी शेजार लाभला आहे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन हे तालुके किनाऱ्यावरचे, तर कर्जत व खालापूर डोंगरपायथ्याचे. कर्जत तालुक्यातील पोशीरसारख्या गावाला त्सुनामीचे भय नाही. तथापि तेथील आपत्ती व्यवस्थापन आज ज्या कायद्यानुसार चालते, त्याला त्सुनामीचीच पार्श्वभूमी आहे. किनाऱ्यावरील अनुभवातून घडलेली ही व्यवस्था डोंगराळ भागात कितपत पुरी पडली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

किनाऱ्यावरील अनुभव :
२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत पोहोचल्या व तेथेही जीवितहानी झाली. मधले काही तास हाती होते. परंतु ते वापरू शकेल अशी इशारा यंत्रणा अरबी समुद्रासाठी नव्हती.

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात याचीच पुनरावृत्ती फार मोठ्या प्रमाणावर झाली. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. पुदुच्चेरीजवळील नल्लवाडू या मच्छीमार गावात मात्र परदेशातील एका ग्रामस्थाचा दूरध्वनी आला. गावातील ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्यात आली आणि लोक वेळीच बाहेर पडले. तेथे उपकरणे नव्हती. निरोप घरापर्यंत नेण्याची सोय होती.

कायदा व यंत्रणा :
यानंतर आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ संमत झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा प्राधिकरण ही त्याचीच निर्मिती होय. २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यान्वित झाले. ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांना २०२० मध्ये युनेस्कोच्या सागरविज्ञान आयोगाकडून 'त्सुनामी-सज्ज' अशी मान्यता मिळाली. धोक्याचे नकाशे, बाहेर पडण्याचे मार्ग आणि रंगीत तालीम हे या सज्जतेचे प्रमुख घटक होत.

डोंगरातील कसोटी :
रायगडमध्ये या व्यवस्थेची कसोटी समुद्राने नव्हे, पावसाने घेतली. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने अवजड यंत्रे नेता आली नाहीत. माणसांनाच हातांनी माती उपसावी लागली. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, हे शासनानेच विधिमंडळात स्पष्ट केले.

दूरच्या भूकंपाने उठलेली त्सुनामी किनाऱ्यावर येण्यास काही तास लागतात. त्या अवधीत इशारा देता येतो. दरडीला असा अवधी नसतो. पावसाने भिजलेली माती सुटली की काही क्षणांत सारे संपते. म्हणून डोंगरात इशारा दरडीचा नव्हे, तर त्याआधीच्या पावसाचा द्यावा लागतो आणि स्थलांतरही पावसाच्या प्रमाणावरूनच ठरवावे लागते.

निष्कर्ष :
१९४५ मध्ये अवधी होता, यंत्रणा नव्हती. २०२३ मध्ये यंत्रणा होती, परंतु वाडी तिच्या नोंदीत नव्हती. नल्लवाडूचा धडा डोंगरालाही लागू पडतो. पर्जन्यमापक, ठरलेली सुरक्षित जागा, पावसाळ्यापूर्वीची तालीम आणि रात्री दार ठोठावणारा माणूस यांची व्यवस्था प्रत्येक वाडीत झाल्याखेरीज २००५ चा कायदा कर्जत-खालापूरच्या डोंगरवस्त्यांपर्यंत पोहोचला, असे म्हणता येणार नाही.