गर्दीची उणीव : अमेरिकी कॉलेज-सेलिंगमधील दुबळ्या विभागांचा प्रश्न

अमेरिकेतील कॉलेजांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती इंटर-कॉलेजिएट सेलिंग असोसिएशन भरवते. १९३० साली स्थापन झालेली ही संघटना कॉलेज-खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या कक्षेबाहेर आहे. तिचे सात विभाग आहेत; मात्र त्यांची ताकद सारखी नाही. न्यू इंग्लंडमध्ये हार्वर्ड, एमआयटी आणि बोस्टन विद्यापीठ एकाच चार्ल्स नदीवर सराव करतात. उलट टेक्सस-लुइझियानाच्या साउथईस्टर्न विभागात ऑस्टिनहून न्यू ऑर्लीन्सला जायचे तर सुमारे ८०० किलोमीटर गाडी हाकावी लागते. अशा विरळ विभागांतील संघ मागे का पडतात, हा येथे विवेचनाचा विषय.

सांगितली जाणारी कारणे

पहिले कारण हवामानाचे. मिडवेस्टमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. मॅडिसनच्या मेंडोटा तळ्यावर तर बर्फ महिनोन्‌महिने टिकतो. पण बोस्टनचा हिवाळाही काही सौम्य नसतो आणि टेक्ससमध्ये जवळजवळ वर्षभर होडी पाण्यात घालता येते. तेव्हा एवढ्याने उलगडा होत नाही. दुसरे कारण पैशाचे. अनेक संघ विद्यार्थ्यांच्या क्लबसारखे चालतात : पूर्णवेळ प्रशिक्षक नाही, फाटलेले शिड शिवायचे, फायबरग्लासची भेग बुजवायची आणि व्हॅन चालवायची तीही खेळाडूंनीच. ही अडचण खरी आहे. तरी पैसा नेमका कशासाठी लागतो, हे पाहिल्याखेरीज दुखण्याचे मूळ हाती येत नाही.

मूळ कारण

कॉलेजच्या शर्यती एफजे किंवा ४२० या जेमतेम चार मीटर लांबीच्या, दोन जणांच्या होड्यांत होतात. होड्या सहसा यजमान संघ पुरवतो आणि संघ त्या आपसांत बदलत राहतात, म्हणून साधनाचा फरक फारसा उरत नाही. शर्यत छोटी, बहुधा वीसेक मिनिटांत आटोपणारी. त्यामुळे सुरुवात बिघडली तर ती भरून काढायला वेळच नसतो.

ही सुरुवात जवळून पाहू. तीन मिनिटांची उलटी मोजणी चालू असते. राष्ट्रीय अंतिम फेरीत १८ होड्या सुरुवातीच्या रेषेवर दाटीने उभ्या असतात. स्किपर, म्हणजे सुकाणू धरणारा खेळाडू, शिड सैल सोडून होडी जागच्या जागी रोखून धरतो आणि वाऱ्याखालच्या बाजूला थोडी मोकळी जागा राखतो. शेवटच्या काही सेकंदांत त्या जागेत होडीचे तोंड उतरवून शिड खेचायचे आणि वेग घ्यायचा. एका सेकंदाचा उशीर झाला की शेजाऱ्याच्या शिडाने नासवलेला वारा वाट्याला येतो. मग मागून वळून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसते.

सहा होड्यांच्या रेषेवर ही चूक पचते, कारण शेजारी मोकळे पाणी असते. म्हणजे हे कौशल्य गर्दीतच घडते आणि विरळ विभागात नेमकी गर्दीच नसते. घरी सातत्याने पहिला येणारा स्किपर राष्ट्रीय फेरीत बाराव्या जागी घसरतो, तेव्हा त्याची बुद्धी वा धमक कमी पडलेली नसते. हा प्रसंगच त्याच्या सवयीचा नसतो.

एक आक्षेप

स्टॅनफर्ड आणि कॉलेज ऑफ चार्ल्स्टन न्यू इंग्लंडच्या बाहेरचे. तरी त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत. मग विभागाला दोष कसा द्यायचा? या संघांकडे पगारी प्रशिक्षक आहेत, सरावात आपसांतच चुरस लागेल इतके खेळाडू आहेत आणि बाहेरच्या विभागांतील शर्यतींना जाण्याची ऐपत आहे. म्हणजेच त्यांनी गर्दी विकत घेतली. आक्षेपाने मूळ सिद्धान्ताला बळच मिळते. पैशाचे महत्त्वही येथेच कळते : तो होडीपेक्षा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळवण्यासाठी अधिक लागतो.

उपायांचा क्रम

पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. सरावात रेषा आखूड करावी. सहा होड्यांसाठी ती २५ मीटरांवर आणली की प्रत्येकीला स्वतःच्या लांबीएवढीच जागा उरते आणि दाटी आपोआप होते.

दुसरा उपाय सांघिक शर्यतींचा. त्यात तीन विरुद्ध तीन अशा सहाच होड्या लागतात. सहा क्रमांकांची बेरीज २१. ज्या संघाची बेरीज १० किंवा कमी, तो जिंकला. राष्ट्रीय स्पर्धेतही होड्या सहाच असल्याने दोन शेजारी कॉलेजे एकत्र आली तरी खऱ्या आकाराचा सराव मिळतो. मर्यादित बळ असलेल्या संघाने आधी या प्रकारात मुरावे.

प्रवासाचा खर्च तिसऱ्या क्रमांकावर यावा. हंगामात मोजक्याच दूरच्या शर्यती निवडाव्यात, पण त्या मोठ्या ताफ्याच्या असाव्यात. अशा संघाने वर्षअखेरीस आपल्या विभागातील क्रमांकाबरोबर आणखी एक हिशेब मांडावा : दाटीच्या रेषेवरून किती वेळा सुरुवात केली आणि त्यांपैकी कितींदा स्वच्छ वाऱ्यात बाहेर पडलो. पुढच्या वर्षीचे पैसे कशावर खर्चायचे, याचे उत्तर या हिशेबातूनच मिळेल.