दुष्काळ, कालवा आणि झेंडू : बारामती-इंदापुरातील फुलांच्या राखणीचा इतिहास

१/१७
दसऱ्याच्या आदल्या दिवशी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत गेले, की रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूच्या राशी दिसतात. ज्या भूमीची ओळख पिढ्यानपिढ्या अवर्षण हीच होती, तिथे एवढे फूल पिकू लागले कसे? आणि किडीपासून ते राखले कोणी? आजचा धागा या राखणीच्या इतिहासाविषयी. 🧵

२/१७
दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. महसुली इतिहासात इंदापूर याच कारणाने प्रसिद्ध आहे. १८३० च्या सुमारास प्रिंगल याने बसवलेला सारा रयतेला पेलवला नाही आणि जमिनी ओस पडल्या. अखेर १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ३० वर्षांसाठी नवी, हलकी आकारणी केली. मुंबई इलाख्याच्या पुढील जमीन-पाहणीचा पाया इथेच घातला गेला.

३/१७
अशा मुलखात फुलबाग म्हणजे विहिरीच्या मोटेखाली भिजणारा लहानसा तुकडा. मोगरा, शेवंती, गुलाब तिथेच तग धरीत. बाहेरच्या जिरायत भागात कण्हेर आणि रुई यांचे राज्य. दोन्हींच्या अंगी विषारी चीक असल्याने गुरे त्यांना तोंड लावत नाहीत आणि बहुतेक किडीही दूर राहतात. शंकराला कण्हेर आणि मारुतीला रुईची माळ, ही दोन्ही दाने कोरडवाहू माळाची आहेत.

४/१७
फुले पिकवणे आणि विकणे हा या परिसरात कसबी व्यवसाय होता. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. कटगुणहून हे कुटुंब पुरंदरमधील खानवडीस आले आणि पुढे पुण्यास गेले. तिथे पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून ‘फुले’ हे नाव रूढ झाले. ज्या कऱ्हेच्या खोऱ्यात खानवडी आहे, तीच कऱ्हा पुढे बारामतीतून वाहते.

५/१७
किडींवरचे उपायही घरचेच होते. मावा दिसला की चुलीतील राख धुरळायची, अळी हाताने वेचायची, कडुनिंबाचा पाला किंवा तंबाखूचा काढा वापरायचा. ही परंपरा फार जुनी आहे. साधारण १० व्या-११ व्या शतकातील मानल्या जाणाऱ्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या ग्रंथात झाडांच्या किडींसाठी मोहरी, वेखंड यांसारख्या द्रव्यांची धुरी सांगितली आहे.

६/१७
परंतु सर्वांत मोठा राखणदार होता तो उन्हाळा! फाल्गुनानंतर शिवारात हिरवे पान उरत नसे. किडीला अन्न मिळत नसे. घाटे अळीसारख्या अळ्या मातीत शिरून कोषात जातात. उन्हाळी नांगरटीने ते कोष वर येत, उन्हाने करपत किंवा साळुंक्या-बगळ्यांच्या चोचीत जात. ज्या दुष्काळाने माणसाला छळले, त्यानेच किडीचेही साखळदंड तोडले नव्हते, इतकेच.

७/१७
हे चित्र बदलले ते नीरेच्या पाण्याने. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात नीरा डाव्या कालव्याच्या कामाला प्रारंभ झाला आणि १८८० च्या दशकात पाणी पुरंदर, बारामती ओलांडून इंदापूरकडे वाहू लागले. भाटघरच्या धरणाने त्या प्रवाहाला बारमाही आधार दिला. ज्यांनी पाण्यासाठी आभाळाकडे पाहिले, त्यांची मुले पाटाकडे पाहू लागली.

८/१७
या पाण्याचा उपयोग प्रथम ओळखणाऱ्यांत सासवडचे माळी होते. बागाईत त्यांच्या हाताची होती. ते कालव्याच्या काठाने पुढे सरकले, खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस लावला. याच समाजाने १९३० च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले. मोटेवरची बाग आता पाटावरचा मळा झाली.

९/१७
आणि इथेच कथेला वळण मिळते. पाणी बारमाही झाले, म्हणजे हिरवळही बारमाही झाली. एका पिकावरून उठलेल्या पतंगाला शेजारी दुसरे पीक मिळू लागले. हरभरा संपला की टोमॅटो, टोमॅटो संपला की फुले. उन्हाळ्याचा जो पहारा फुकट मिळत होता, तो उठला. तेव्हापासून प्रत्येक पिढीला नवा राखणदार शोधावा लागला.

१०/१७
पहिला राखणदार आला फ्रान्समधून. कालव्याचे पाणी जेव्हा नुकतेच खेळू लागले होते, त्याच सुमारास, १८८५ मध्ये, मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षावरील केवडा रोगाला रोखते, हे प्रसिद्ध केले. हेच ‘बोर्डो मिश्रण’. रोगाची बुरशी त्याने अडते. अळीवर मात्र त्याची मात्रा चालत नाही. इंदापूरच्या द्राक्षबागायतदाराला हे नाव आजही परिचयाचे आहे.

११/१७
किडींसाठी वेगळे शास्त्र हवे होते. भारताचे इम्पीरियल कीटकशास्त्रज्ञ हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ मध्ये भारतीय पिकांच्या किडींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. रॉकेल-साबणाचे मिश्रण, शिशाचे आर्सेनेट ही त्या काळातील हत्यारे. पुढे १९२५ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूवर प्रयोग करताना त्याच वायूने लेफ्रॉय यांचा बळी घेतला. विष किडीपुरते थांबत नाही, याची ही आरंभीची खूण होती.

१२/१७
१९३९ मध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कीड आता इतिहासजमा होणार, असे जगाला वाटले. प्रत्यक्षात किडी विषाला सरावल्या. १९८७ च्या सुमारास आंध्रातील कापसावर घाटे अळी फवाऱ्यांना जुमानेनाशी झाली. १९८९ मध्ये भारताने शेतीतील डीडीटीचा वापर बंद केला.

१३/१७
१९९० नंतर पुणे जिल्ह्यात हरितगृहे आली. जरबेरा, कार्नेशन, गुलाब जाळीआड फुलू लागले. जाळी पतंगाला अडवते. पण जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे फुलकिडे फटीतून शिरतातच. आतली उबदार, कोरडी हवा लाल कोळ्यांना मानवते आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मात्र बाहेर राहतात. म्हणून निळे-पिवळे चिकट सापळे टांगावे लागतात. भिंत बांधली तरी पहारा सुटत नाही.

१४/१७
आता पुन्हा झेंडूकडे वळू. हे फूल मूळचे मेक्सिकोचे. स्पॅनिश आक्रमणापूर्वी अझ्टेक लोक ते धर्मविधींत आणि औषधांत वापरीत. सोळाव्या शतकात ते अटलांटिक ओलांडून आले आणि पोर्तुगीजांच्या मार्गाने भारतात पोहोचले, असे मानले जाते. ‘आफ्रिकन’ आणि ‘फ्रेंच’ झेंडू ही दोन्ही नावे फसवी आहेत. दोन्ही जाती अमेरिका खंडातल्याच. ज्याच्यावाचून आपला दसरा अडतो, ते फूल समुद्रापलीकडचे पाहुणे आहे.

१५/१७
या पाहुण्याचे खरे कसब मुळांत दडले होते. १९५० च्या दशकात नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की झेंडूच्या मुळांतील ‘अल्फा-टरथायनिल’ हे द्रव्य पिकाच्या मुळांना पोखरणाऱ्या सूत्रकृमींना मारक ठरते. झेंडू नुसता लावून भागत नाही. तो काही महिने शेतात वाढावा लागतो, तेव्हा जमीन सुधारते. याच नेदरलँड्सच्या सहकार्याने आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात भाजीपाल्याचे गुणवत्ता केंद्र चालते.

१६/१७
दुसरे कसब फुलांत होते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये पद्धत मांडली : टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. झेंडूचे रोप ४५ दिवसांचे, टोमॅटोचे २५ दिवसांचे. म्हणजे दोन्ही एकाच वेळी फुलावर येतात. घाटे अळीची मादी टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालते. यालाच सापळा पीक म्हणतात.

१७/१७
मात्र एक सावधगिरी हवी. सापळ्याकडे लक्ष दिले नाही, कळ्यांतील अळ्या वेचल्या नाहीत, तर तीच ओळ किडीचे पाळणाघर बनते. राख, मोरचूद, डीडीटी, जाळी, झेंडू : शेतात रोज फिरणाऱ्या डोळ्यांची जागा यांपैकी एकानेही घेतलेली नाही. बारामतीजवळ माळेगावात २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळाचा आणि क्षारांचा अभ्यास करते आहे. कारण पाऊस आजही तेवढाच लहरी आहे. यंदा दाराला तोरण बांधाल तेव्हा एखादी कळी उकलून पाहा. आत अळीने पाडलेले भोक दिसले, तर ती कळी कदाचित कुणाच्या टोमॅटोवरचा घाव झेलून तुमच्या दारी आली असेल.

धागा समाप्त. आपल्या गावी फुलांची राखण कशी होत असे, हे आजी-आजोबांना विचारून जरूर लिहा. 🙏