डिकी असलेली शर्यतीची गाडी

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसबाहेर चहाची टपरी आहे. शुक्रवारी संध्याकाळी तिथे एक वाद ठरलेला. एका बाजूला आमचा टीम लीड. त्याच्या मते चार दारं आणि डिकी असलेली गाडी म्हणजे काका लोकांची गाडी, ती कितीही पळाली तरी स्पोर्ट्स कार नाही. दुसऱ्या बाजूला मी. माझं म्हणणं, जगातल्या काही भन्नाट गाड्यांच्या डिकीत भाजीच्या पिशव्या बसायच्या.

तीन वर्षं हा वाद चालू आहे आणि कोणीही हरलेलं नाही. पण गेल्या दिवाळीनंतर मला खरोखरच गाडी घ्यायची होती. बजेट एकाच गाडीचं होतं. बाबांचा गुडघा बदललाय, आई-बाबा आता पुण्यात माझ्याकडेच असतात. तेव्हा पहिल्यांदा हा प्रश्न टपरीवरून घरी आला. आणि इंजिनियर माणूस घाबरला की करतो तेच मी केलं, या प्रश्नाचा इतिहास वाचत बसलो.

सुरुवात मिलानमध्ये करू. दुसऱ्या महायुद्धात अल्फा रोमिओच्या पोर्तेलो कारखान्यावर बॉम्ब पडले होते. युद्धाआधी ही कंपनी श्रीमंतांसाठी थोड्याच, हाताने बनवलेल्या गाड्या करायची आणि शर्यती जिंकायची. युद्धानंतर तसे श्रीमंत उरले नव्हते. कंपनी सरकारी मालकीची होती आणि कामगारांना काम हवं होतं. मग १९५० साली ओराझिओ सात्ता या इंजिनियरच्या देखरेखीखाली अल्फा १९०० तयार झाली. वेगळी चासी नसलेली, सगळी बॉडी एकसंध असलेली आणि असेंब्ली लाइनवर बनणारी ही अल्फाची पहिली गाडी. चार दारं, मागे डिकी, आणि पुढे शर्यतीच्या परंपरेतलं दोन कॅमशाफ्टचं इंजिन. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचं पहिलं विश्वविजेतेपद फरिनाने अल्फाच्याच गाडीत जिंकलं. जाहिरातीत १९०० ची ओळख शर्यती जिंकणारी कौटुंबिक गाडी अशी करून दिली गेली. अशा वीस हजारांहून जास्त गाड्या बनल्या. आधीच्या अल्फाच्या मानाने हा आकडा प्रचंडच.

इथे मला पहिला धागा सापडला. वेगवान सेडान श्रीमंतांच्या चैनीतून जन्मलीच नाही. श्रीमंत माणूस दोन गाड्या घेतो, एक कुटुंबासाठी आणि एक स्वतःसाठी. ज्याला एकच परवडते, त्याला एकाच गाडीत दोन्ही हवं असतं. स्पोर्ट्स सेडानचा इतिहास हा एकच गाडी परवडणाऱ्या लोकांचा इतिहास आहे.

१९६२ मध्ये अल्फाने जुलिया आणली. दिसायला खोका. पण वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घेतलेला खोका. हवेचा विरोध मोजणारा तिचा गुणांक ०.३४ होता, म्हणजे त्या काळच्या कित्येक गुळगुळीत स्पोर्ट्स कारपेक्षा बरा. १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर. इटलीच्या पोलिसांनीही याच गाड्या वापरल्या, आणि पळून जाणाऱ्यांनाही त्या आवडत.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फोर्डने कॉर्टिना बाजारात आणली. साधी, स्वस्त, मध्यमवर्गीय गाडी. तिला शर्यतीत उतरवण्यासाठी फोर्डने लोटसच्या कॉलिन चॅपमनला गाठलं. नियम असा होता की शर्यतीत धावायचं तर तशा हजार गाड्या सामान्य ग्राहकांसाठी बनवायच्या. चॅपमनने तिच्यात स्वतःच्या एलान या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचं १५५८ सीसीचं इंजिन बसवलं, दारं आणि बॉनेट ॲल्युमिनियमचे केले आणि पांढऱ्या अंगावर हिरवा पट्टा ओढला. १९६४ मध्ये जिम क्लार्कने या गाडीत ब्रिटिश सलून कार स्पर्धा जिंकली. क्लार्क म्हणजे १९६३ चा फॉर्म्युला वन विश्वविजेता. वळणावर पुढचं आतलं चाक हवेत उचललेली त्याची कॉर्टिना फोटोत पाहिली, की समोरच्या गल्लीतले देशपांडे काका अचानक सर्कशीत दिसावेत तसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे आजोबांची पद्मिनी होती. कराडला, १९८४ साली घेतलेली. स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग सीट, त्यावर तिघं आरामात आणि चौथा मी, नंतरच्या काळात. ही गाडी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९५४ पासून आणली. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं आणि तिनेच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी घडवली. नोंदणी झालेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा अनेकांनी हळहळत फोटो टाकले.

पण या टॅक्सीच्या घराण्यात एक गोष्ट दडलेली आहे. १९५३ च्या फियाट ११०० ची एक आवृत्ती होती, तुरिस्मो वेलोचे, म्हणजे वेगवान प्रवासाची. साध्या गाडीची ताकद ३६ अश्वशक्ती, हिची ५०. ही चार दारांची गाडी घेऊन हौशी लोक मिले मिलियात उतरत. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला, साधारण १६०० किलोमीटर, तेही गावागावांतल्या उघड्या रस्त्यांवरून. आपल्याकडेही चेन्नईजवळच्या शोलावरमला, युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर, ट्यून केलेल्या फियाट पळत. ज्या गाडीत मी मांडीवर बसून कोयनेला गेलो, तिच्या चुलत भावंडांनी शर्यती गाजवल्या होत्या.

आता दुसरा धागा. १९५७ च्या मिले मिलियात ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. ती शर्यतीचीच गाडी होती, सेडान नव्हे. चालक आणि त्याचा साथीदार तर गेलेच, पण रस्त्याकडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही गेले. त्यात पाच मुलं होती. उघड्या रस्त्यांवरची ही शर्यत त्यानंतर बंद पडली. टपरीवरच्या वादात मी अल्फाची गोष्ट रंगवून सांगायचो, ही कधी सांगितली नाही.

पुढची वीस-तीस वर्षं ताकद वाढतच गेली. १९८५ च्या पहिल्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये एम१ या सुपरकारच्या इंजिनाचंच भावंड होतं. २८६ अश्वशक्ती, आणि बाहेरून दिसायला बँक मॅनेजरची गाडी. १९९० ची लोटस कार्लटन तर त्याच्याही पुढे गेली. दोन टर्बो, ३७७ अश्वशक्ती, ताशी २८० किलोमीटरच्या वर वेग. जर्मन कंपन्यांनी आपसात २५० ची मर्यादा पाळायचं ठरवलं होतं, हिला तसली मर्यादा नव्हती. कुटुंबाच्या गाडीला एवढा वेग कशाला, म्हणून ब्रिटनच्या वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. १९९३ मध्ये वेस्ट मिडलँड्समध्ये चोरांनी यातलीच एक पळवली आणि तिच्यातून दुकानं फोडत सुटले. पोलिसांच्या गाड्या तिच्या जवळपासही पोचल्या नाहीत. ११०० गाड्या बनवायच्या होत्या, ९५० वर थांबल्या.

आमच्या घरातली अशी गाडी म्हणजे बाबांची सेकंडहँड होंडा सिटी, १.५ व्हीटेक, २००२ ची. सिटी भारतात १९९८ मध्ये आली आणि नंतर हे १०६ अश्वशक्तीचं इंजिन आलं. व्हीटेक म्हणजे धातूत कोरलेलं इफ-एल्स आहे. इंजिन हळू फिरतंय तोवर व्हॉल्व्ह एका आकाराच्या कॅमने उघडतात. फेरे वाढले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते आणि मोठा कॅम ताबा घेतो. मग आवाज बदलतो, आणि सोबत चालवणाऱ्याचा चेहराही. २००३ मध्ये नवी सिटी आली ती ७७ अश्वशक्तीची. गाडीवेड्यांनी कपाळाला हात लावला. पण मायलेज चांगलं, मागे ऐसपैस जागा, कुटुंबं खूश. भारतातल्या त्या वादात कोण जिंकलं, हे सांगायला नकोच.

२०१७ मध्ये ठाण्याहून एक लग्न आटोपून आम्ही एक्सप्रेसवेने परत येत होतो. मी वीस वर्षांचा. बाबा शेजारी झोपलेले, मागे आई आणि ताई. लोणावळा मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि मी तो दुसरा कॅम ऐकायचा ठरवला. काटा १४० वर गेला. मर्यादा त्याहून बरीच कमी. मी मनात जिम क्लार्क.

सहज आरशात पाहिलं. आई काही बोलत नव्हती. तिने एका हाताने दारावरचं हँडल धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने झोपलेल्या ताईला. बोटं पांढरी पडली होती. मी पाय काढला. तळेगावचा टोल येईपर्यंत तिने हँडल सोडलं नाही. घरी आल्यावरही ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मी वाद घातला असता.

गणित साधं आहे, अकरावीतलं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. १०० च्या जागी १४० म्हणजे ऊर्जा जवळपास दुप्पट, आणि ब्रेकना ती सगळी जिरवायची. लोटसने कार्लटनला इंजिनाइतकेच दांडगे ब्रेक दिले होते. आमच्या पंधरा वर्षांच्या सिटीला जुने टायर होते आणि चालवायला मी होतो.

आज टपरीवरचा वाद आकड्यांत तरी संपला आहे. मार्च २०२४ मध्ये भारतात आलेल्या बीवायडी सीलची सर्वांत ताकदवान आवृत्ती ५३० अश्वशक्तीची आहे. पाच माणसं बसतात, आवाज नाही, आणि शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत. १९९९ च्या फेरारी ३६० मोडेनाला त्यासाठी ४.५ सेकंद लागायचे. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासची फेरारी आज चार दारांच्या गाडीमागे राहील. टीम लीडला हे सांगितलं तर म्हणाला, "सरळ रेषेत ठीक आहे रे, वळणावर काय?" आणि तो चूक नाही. ही सेडान दोन टनांहून जड आहे, फेरारी तिच्यापेक्षा कितीतरी हलकी. जडपणा बॅटरीच्या ताकदीने सरळ रस्त्यावर झाकता येतो. वळणावर आणि ब्रेक दाबल्यावर तो बाहेर येतोच.  मागे माणसं बसवायची तर हे सगळं आलंच.

म्हणून माझं आताचं उत्तर असं. सेडान स्पोर्ट्स कारला गाठू शकते का? शर्यतीत गाठलंय, साठ वर्षांपूर्वीच. पण क्लार्कच्या कॉर्टिनाच्या मागच्या सीटवर कोणी नव्हतं. मागे माणूस बसला की ती गाडी वेगळीच असते, मग इंजिन कुठलंही असो.

गेल्या महिन्यात एका सेडानची टेस्ट ड्राइव्ह घेतली. टर्बो पेट्रोल, चांगली ताकद. बाबा पुढे बसले, सीट मागे सरकवून पाय लांब केला आणि म्हणाले, "गुडघा बसतोय." आई मागे. शोरूमचा मुलगा तिच्या शेजारी बसून सांगत होता, "सर, दाबा ना जरा, पिकअप बघा." बायपासवर एकदा दाबलीही. गाडी ऐंशीला झटक्यात पोचली, आणि मी आरशात पाहिलं.

आईचे दोन्ही हात मांडीवर होते. ती त्या मुलाला विचारत होती, "डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि तांदळाचं पोतं बसेल ना रे?"

गाडी बुक केली. टपरीवर अजून सांगितलेलं नाही.