बांबूचा डबा कुठल्या खणात?

मंडळी, या वीकान्ताचा विषय ऐकून जांभई येईल: कस्टम्सचं दरपत्रक. पण थांबा, वाट वडसावरून जाते.

जगातले बहुतेक देश आयात-निर्यातीच्या मालाला एकाच पद्धतीने नंबर देतात. हार्मोनाइज्ड सिस्टीम नावाची ही पद्धत १९८८ साली लागू झाली. भारताने आपलं दरपत्रक तिच्या धर्तीवर १९८६ मध्येच बदललं होतं. त्यात ४२०२ म्हणजे बॅगा, पेट्या, पाकिटं. खिशात किंवा हँडबॅगेत बाळगायच्या वस्तूंसाठी आत तीन खण आहेत: बाहेरून चामडं असेल तर ४२०२.३१, प्लॅस्टिक शीट किंवा कापड असेल तर ४२०२.३२, बाकी सगळं ४२०२.३९. आजोबांची तंबाखूची कापडी चंचीसुद्धा ३२ मध्ये बसते!

आता बांबू घ्या. नळी कोरून केलेला चष्म्याचा डबा ४२०२.३९ मध्ये जातो. त्याच बांबूची दागिन्यांची डबी मात्र लाकडी वस्तूंच्या ४४२० मध्ये. आणि पट्ट्या विणून पर्स केली की ती ४६०२, म्हणजे टोपल्यांच्या रांगेत. कच्चा बांबू तर १४०१, विणकामाचा वनस्पतीजन्य माल. आम्ही प्रोग्रामर याला सरळ इफ-एल्स म्हणू. चुकलाच कोड, तर ड्यूटीचा आकडा बदलतो, इतकंच.

जंगलात मात्र हे प्रकरण पैशांवर थांबत नाही.

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' म्हटलं. वनस्पतीशास्त्र त्याला गवत म्हणतं, पण कायदा कायदा असतो. वडसा हे कित्येक दशकं गडचिरोली जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्टेशन. आसपास जंगलच जंगल. इथला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जायचा. पण गावातल्या माणसाने तोच तोडून बाजारात नेला, तर वनखात्याचा परवाना कुठे आहे, हा प्रश्न यायचा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू 'गौण वनोपज' ठरवला आणि त्यावर गावाची मालकी मानली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतूनच बांबू वगळला. शेतात बांबू लावणाऱ्यांची त्यामुळे सुटका झाली. जंगलातला बांबू मात्र वनोपजच राहिला.

एका शब्दाला ९० वर्षं लागली. कस्टम्समध्ये कोड चुकला तर व्यापारी अपील करतो, वकील लावतो. जंगलात त्या शब्दाच्या विरोधात अपील करायला मेंढ्याच्या ग्रामसभेसारखी चिकाटी लागते, आणि ती प्रत्येक गावाकडे असेलच असं नाही.

असो. तुमच्या हँडबॅगेत काय काय आहे, एकदा बघा. प्रत्येकाला एक नंबर आहे.