पिस्तुलाच्या पेटीची कुळकथा

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबर्ट वॉग्डन किंवा जोसेफ मँटन यांच्यासारख्या नामांकित कारागिराकडून द्वंद्वयुद्धाची पिस्तुलं घेतली, की ती जोडीनं मिळत आणि पेटीसकट मिळत. पेटी ओक नाहीतर महोगनीची, आतून हिरव्या लोकरी कापडाचं अस्तर. लाकडाच्या पातळ पट्ट्या मारून कप्पे पाडलेले. दोन मोठ्या कप्प्यांत दोन पिस्तुलं, बाकीच्यांत दारूची कुपी, शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा, नळी पुसायचा गज, गारगोट्या, तेलाची बाटली. झाकणाच्या आतल्या बाजूला कारागिराचं छापील लेबल. फ्रान्समधली तऱ्हा निराळी होती. व्हर्सायच्या कारखान्याचा प्रमुख निकोला-नोएल बुते याच्या पेट्यांत प्रत्येक वस्तूसाठी तिच्याच आकाराची खोबण असे. साचा बाहेर राहिला, तर त्याची रिकामी जागा झाकण उघडताक्षणी दिसे. आजचे संग्राहक फोमच्या जाड तुकड्यात पिस्तुलाच्या आकाराची जागा कापून घेतात, ती हीच फ्रेंच रीत.

या पेटीला कुलूप असे, पण ते नावापुरतं. पितळेची नाजूक किल्ली, लाकडात बसवलेला छोटासा खटका. चोराला पटाशीचा एक घाव पुरे. शिवाय अख्खी पेटी काखोटीला मारून नेता येई ती वेगळीच. तिला खरी भीती होती दमटपणाची. काळी दारू जळल्यावर नळीत जी काजळी उरते ती हवेतलं पाणी ओढून घेते, आणि एका रात्रीत लोखंडावर तांबूस डाग उमटायला लागतात. म्हणून गज आणि तेल पिस्तुलाच्या शेजारीच हवं. पेटीचा मूळ जन्म असा देखभालीच्या सोयीतून झाला. सुरक्षेचा विचार तिच्यात फार नंतर शिरला, आणि तोही पिस्तुलवाल्यांकडून आला नाही. तो आला पैसेवाल्यांकडून.

1817 मध्ये इंग्लंडच्या पोर्ट्समथ गोदीत बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारनं मूळ किल्लीशिवाय उघडणार नाही अशा कुलपासाठी बक्षीस लावलं, आणि 1818 मध्ये जेरमाया चब यानं आपलं ‘डिटेक्टर’ कुलूप पुढे आणलं. त्यातली मेख मला फार आवडते. परक्या हत्यारानं कुणी आतली एखादी पट्टी गरजेपेक्षा जास्त उचलली, की कुलूप जागीच अडकून बसे. मग मालकाची स्वतःची किल्लीही सरळ चालत नसे, आणि तेवढ्यावरून त्याला कळे की कुणीतरी हात लावून गेलंय. गोदीजवळच्या तुरुंग-जहाजावर एक कैदी मूळचा कुलूपकार होता. त्याला हे कुलूप उघडून दाखव, शिक्षा माफ होईल असं सांगितलं. दोन-तीन महिने झटून त्यानं हात टेकले. पुढे 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज आला आणि त्यानं चबचं कुलूप 25 मिनिटांत उघडलं. लंडनचा कुलूपकार ब्रामा याचं आव्हानाचं कुलूप अनेक वर्षं दुकानाच्या खिडकीत दिमाखात टांगलेलं होतं. तेही त्यानं 16 दिवसांत विभागून 51 तास खर्ची घालून मोकळं केलं. न उघडणारं कुलूप हे स्वप्न तिथे संपलं. उघडायला किती वेळ लागतो, हे कुलपाचं माप ठरलं, आणि ते आजही तसंच आहे.

चोराला थोपवणं हे पैसेवाल्यांच्या तिजोरीचं पहिलं काम, दुसरं आगीशी झुंजायचं. दोन पत्र्यांच्या मध्ये जिप्सम भरायचं, ही युक्ती अमेरिकेत 1840 च्या दशकात रुळली. जिप्समच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा म्हणजे स्फटिकात बांधलेलं पाणी. बाहेर आग लागली की त्या पाण्याची वाफ होते, आणि ती होईपर्यंत आतला कागद करपत नाही. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईच्या लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली आणि 1902 मध्ये तिजोरी काढली. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन आग भडकली, तेव्हा त्यांच्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत निघाल्याचं कंपनीच्या इतिहासात अभिमानानं नोंदलं आहे.

पिस्तुलं या तिजोरीत शिरली ती अमेरिकेत, आणि बरीच उशिरा. विसाव्या शतकात बराच काळ तिथल्या दिवाणखान्यात काचेच्या दाराचं लाकडी कपाट असे. लांब बंदुका त्यात शोभेला उभ्या. पिस्तूल मात्र पलंगाशेजारच्या खणात, उशीखाली, नाहीतर कपड्यांच्या घडीत. संग्रह वाढले, त्यांची किंमत वाढली, तेव्हा काचेऐवजी पोलादी दार आलं. हा धंदा भरभराटीला आला युटा राज्यात, नामांकित बंदूक-कारागीर जॉन ब्राउनिंगच्या जन्मभूमीत. 1980 च्या दशकात तिथे निघालेल्या कंपन्यांनी बंदुकांची तिजोरी घरोघर पोहोचवली.

पण ही तिजोरी लांब बंदुकांसाठी बेतलेली होती. पिस्तूलवाल्याच्या वाट्याला वरची एक फळी, आणि तिच्यावर पिस्तुलांची चळत. मागचं काढायचं तर पुढची चार हलवायची. लोखंडावर लोखंड घासायचं, मुठीच्या लाकडाला ओरखडे पडायचे. याहून वाईट म्हणजे नको त्या पिस्तुलाला विनाकारण हात लागायचा. संग्रहाची सोय हा चैनीचा विषय नाही असं मी म्हणतो ते यामुळे: जे पिस्तूल हवं तेवढंच हातात यावं, बाकीची जागची हलू नयेत, हाच सुरक्षेचा अर्धा भाग आहे. त्यावर तोडगे निघाले ते साधे. प्लास्टिकचं आवरण चढवलेल्या तारेच्या उभ्या घोड्या, ज्यांत पिस्तुलं पुस्तकांसारखी ओळीनं उभी राहतात. आणि त्याहून नामी म्हणजे फळीला अडकवायची वाकवलेली सळई: तिचं एक टोक फळीच्या वर, दुसरं फळीखाली, खालच्या टोकावर पिस्तुलाची नळी सरकवायची, मूठ आपल्याकडे. फळीखालची जी पोकळी वाया जात होती ती भरली आणि वरची फळी मोकळी झाली.

जुना शत्रू दमटपणा मात्र इथेही हजर. आगीपासून वाचवणारं जिप्समच आतल्या बंद हवेत ओल सोडू शकतं. म्हणून तिजोरीच्या तळाशी विजेवर मंद तापणारी सळई ठेवतात. हवा किंचित उबदार झाली की लोखंडावर दव धरत नाही. वीज नसेल तर सिलिका जेलच्या पुड्या, वेळोवेळी भट्टीत वाळवून. चामड्याच्या म्यानात घालून पिस्तूल वर्षभर ठेवणं हा सगळ्यांत खात्रीचा घात. चामडं ओल धरतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद खातात.

आता या कुळातली धाकटी पाती, उशाजवळची छोटी पेटी. तिचा जन्म चोरासाठी झाला नाही, घरातल्या मुलासाठी झाला. ही चिंता जुनी आहे. 1887 मध्ये स्मिथ अँड वेसननं मुठीवर दाब दिल्याशिवाय न उडणारं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि त्यामागे डी. बी. वेसन यांना लहान मुलांची काळजी होती असं सांगतात. पण शस्त्रातला खटका कितीही हुशार असला, तरी ते मुलाच्या हाती लागलेलंच असतं. 1989 मध्ये फ्लॉरिडानं भरलेलं शस्त्र मुलांच्या हाती लागेल असं ठेवणं गुन्हा ठरवलं. अमेरिकेतला तसा तो पहिला कायदा. 2005 च्या कायद्यानं तिथल्या परवानाधारक दुकानदारानं हँडगन विकताना सोबत कुलूप किंवा सुरक्षित पेटी देणं बंधनकारक झालं.

पिस्तूल स्वसंरक्षणासाठी ठेवणाऱ्याचा आक्षेप ठरलेला: अंधारात किल्ली कुठे शोधू? त्याचं उत्तर एका कार्यालयी कुलपानं दिलं. ‘सिम्प्लेक्स’ कुलपाला पाच बटणं असतात. ती ठरावीक क्रमानं दाबायची, हवी तर दोन-तीन एकदम, आणि मूठ फिरवायची. एक बटण एकदाच वापरता येतं. काहीच न दाबणं हाही एक संकेत धरला, तर एकूण 1082 संकेत होतात. बॅटरी नाही, दिवा नाही. पाच बोटं पाच बटणांवर ठेवली की सवयीनं उघडतं. 1082 हा आकडा सराईत चोराला थोपवणारा नाही, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरून उरतो.

यानंतर बॅटरीवरच्या आणि बोटाच्या ठशाच्या स्वस्त पेट्यांची लाट आली. तिच्याबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. 2012 मध्ये कुलूपतज्ज्ञ मार्क वेबर टोबायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर प्रात्यक्षिकात दाखवून दिलं, की अशा कित्येक पेट्या तारेच्या तुकड्यानं, काडीनं, नाहीतर नुसत्या थोड्या उचलून आदळल्यानं उघडतात. आत अडसर धरून ठेवणारी इवलीशी विद्युतचुंबकी खीळ धक्क्यानं क्षणभर सुटते, एवढंच. हे करायला चोराची अक्कल लागत नाही, तीन वर्षांचं मूल पुरतं. आत पिस्तूल आहे आणि ते कुलपात आहे अशा भरवशावर आईबाप झोपलेले असतात. पेटीच नसती तर निदान त्यांनी ते उंचावर तरी ठेवलं असतं.

चांगल्या पेटीचा वेग पुढे थेट राज्यघटनेच्या चर्चेत आला. 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हेलर खटल्यात राजधानी वॉशिंग्टनचा एक नियम रद्द केला. घरातलं शस्त्र सुटं करून किंवा चापाला कुलूप घालूनच ठेवा, असा तो नियम होता, आणि त्यामुळे स्वसंरक्षण अशक्य होतं असं न्यायालयाचं म्हणणं. सॅन फ्रान्सिस्को शहराचा नियम जरा वेगळा: पिस्तूल अंगावर नसेल तेव्हा कुलूपबंद पेटीत ठेवा, नाहीतर चापाला कुलूप लावा. 2014 मध्ये अपील न्यायालयानं तो कायम केला, आणि आधुनिक तिजोरी चटकन उघडता येते, त्यामुळे कुलपातलं पिस्तूलही प्रसंगी हाताशी येतं, असं कारण दिलं.

मोठ्या तिजोरीला आज अमेरिकेत जो सर्वसाधारण शिक्का मिळतो, त्याची कसोटी अशी: एका माणसानं पेचकस, पहार, हातोडी असली हाताची हत्यारं घेऊन पाच मिनिटं झटायचं, आणि दार उघडता कामा नये. हॉब्जच्या 51 तासांपुढे पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही. पण घाईतल्या घरफोड्यासाठी ती पुष्कळ, अट एकच: तिजोरी जमिनीत किंवा भिंतीत बोल्टनं आवळलेली हवी. सैल ठेवलेली पेटी चोर घरी नेऊन सवडीनं फोडतो.

आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बहुतेक परवानाधारकांना दोनच शस्त्रं बाळगता येतात, पूर्वी तीन चालत. त्यामुळे पिस्तुलांनी भरलेली तिजोरी सहसा दिसत नाही. पिस्तूल असतं ते घरातल्या पोलादी कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिने आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी. त्या लॉकरची किल्ली कुठे असते हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण लग्नकार्याला दागिने सगळ्यांनाच काढावे लागतात. दोन शस्त्रांसाठी काँक्रीटमध्ये आवळलेली यांत्रिक बटणांची एक लहान पोलादी पेटी घ्यावी, तिचा संकेत फक्त परवानाधारकाला माहीत असावा. काडतुसांना दुसरं कुलूप, दुसऱ्या खोलीत. पावसाळाभर दर पंधरवड्याला पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून तेलाचा बोळा फिरवावा, आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात.