साडेतीन वर्षांचे प्रोग्रामर

कोडिंगसाठी आधी लिहिता-वाचता यायला हवं? १९७४ च्या सुमारास एमआयटीची विद्यार्थिनी रेडिया पर्लमन म्हणाली, गरज नाही. सीमोर पॅपर्ट यांचा लोगो भाषेवर चालणारा कासव-रोबो होताच. पण अक्षरओळख नसलेलं पोर त्याला हुकूम देणार कसं? तिनं आधी बटणांचा डबा केला: पुढे, मागे, वळ, पेन टेकव. मग खाचांचं यंत्र. चित्रांची प्लॅस्टिक कार्डं ओळीनं खोचायची, बटण दाबलं की कासव त्याच क्रमानं चालणार. म्हणजे प्रोग्रामच की! साडेतीन वर्षांची मुलंही हे करायची.

आणि तिनं ते काम सोडलं. आजूबाजूला सगळे पुरुष, त्यात आपण चिल्ल्यापिल्ल्यांत रमलेली. शास्त्रज्ञ म्हणून कोण मानणार, ही धास्ती. हे वाचताना माझं तर डोकंच फिरलं. १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तिनंच शोधला. मोठाली इथरनेट नेटवर्क त्यावर उभी राहिली.