बाकावरची वीस वर्षे : प्रा. मधु दंडवते

राजकीय चरित्रे आपण बहुधा पदांच्या अनुरोधाने वाचतो. ज्याचा संसदेतील बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला, त्याचे चरित्र या पद्धतीने वाचू लागल्यास हाती फारसे काही लागत नाही. प्रा. मधु दंडवते यांच्या कारकिर्दीकडे आम्ही वळलो ते याच अडचणीपायी.

१९२४ साली अहमदनगर येथे जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी राजापूर मतदारसंघाने दंडवते यांना लोकसभेत पाठविले. नाथ पैंच्या ओजस्वी वाणीची सवय असलेल्या मतदारांनी एका अध्यापकाला पुढे सलग पाच वेळा निवडून दिले. १९८४ च्या काँग्रेस लाटेत जनता पक्षाचे अवघे दहा सदस्य लोकसभेत पोचले. त्यांत ते होते.

जून १९७५ मध्ये पक्षांतरविषयक विधेयकाच्या संयुक्त समितीच्या कामासाठी दंडवते बंगळूरला गेले होते. तेथेच २६ जून रोजी वाजपेयी, अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना अटक झाली. लोकप्रतिनिधीच्या निष्ठेचा विचार करण्यास जमलेले लोकप्रतिनिधीच गजाआड गेले. पुढे प्रमिला दंडवते येरवड्यात व ते बंगळूरच्या कारागृहात असताना उभयतांचा संवाद चालला तो पत्रांतून. सभागृहातील आवाज बंद झाल्यावर उरलेले हे खाजगी गद्य त्या काळाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

१९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम आला, तो त्यांच्याच काळात. समतेचा विचार प्रवाशाच्या पाठीला जाणवावा, इतका तो येथे मूर्त झाला. १९९० मध्ये ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. १९९१ मध्ये मात्र त्याच कोकणाने त्यांना पराभूत केले. संपूर्ण मार्ग सुरू झाला तो १९९८ मध्ये. १२ नोव्हेंबर २००५ रोजी ते निवर्तले. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून राजापूर हे नावही लोकसभेच्या यादीतून गेले.

एक प्रश्न मात्र उरतो. पक्षांतरबंदी कायदा अखेर १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला. व्यक्तिगत पक्षांतराला त्याने आळा घालू पाहिला, पण त्याचबरोबर सदस्याचे मतही पक्षादेशाला बांधले. वक्तृत्वाचे प्रयोजन ऐकणाऱ्याचे मन वळविणे हे असेल, तर ज्याचे मत आधीच ठरलेले आहे, त्याच्यापुढे भाषण कशासाठी करायचे? दंडवते यांच्या कारकिर्दीतून आम्हांला मिळते ते एवढेच उत्तर : इतिवृत्तासाठी, आणि जो अजून सभागृहात आलेला नाही, त्या वाचकासाठी. विरोधी बाकावरील भाषणाचा खरा श्रोता पुष्कळदा उशिराने येतो. संसदीय इतिवृत्ताला मराठी वाङ्मयेतिहासाने आजवर जवळ केलेले नाही. ते वाचायला घेणे हे काम आता आपले आहे.